माठाला वारा, फ्रीजला भिंत

माझ्या लहानपणी गेवराईतल्या आमच्या जुन्या घरात माठाची जागा ठरलेली होती. ओसरीच्या एका टोकाला, जिथे शेजारच्या बोळातून भर दुपारीही वाऱ्याची झुळूक येई, तिथे तिवईवर तो माठ असे आणि त्याच्या पोटाला ओले फडके गुंडाळलेले असे. एकदा घरात लग्न निघाले. पाहुण्यांच्या गर्दीत पायात येतो म्हणून कुणीतरी माठ उचलला आणि माजघराच्या कोपऱ्यात, ज्वारीच्या पोत्यांच्या आडोशाला नेऊन ठेवला. संध्याकाळी पाण्याचा पहिला घोट घेताच आजी म्हणाली, "माठ कोंडला कुणी?" रात्रीच्या आत माठ पुन्हा ओसरीवर आला.

आजी शाळेची पायरी चढली नव्हती. बाष्पीभवन हा शब्द तिच्या कानावरही कधी पडला नसेल. पण पाणी गार व्हायचे असेल तर माठाच्या अंगातली ऊब कुणीतरी वाहून नेली पाहिजे, आणि ते काम वाऱ्याचे आहे, एवढे तिला पक्के ठाऊक होते. तिच्या या नातवाने पुढे तीस वर्षे शाळेत शास्त्र हा विषय शिकवला. आणि त्याच नातवाने काही वर्षांपूर्वी घराचे नवे बांधकाम काढले तेव्हा गवंड्यापाशी उभे राहून स्वयंपाकघरात फ्रीजसाठी मापून एक कोनाडा करून घेतला. तिन्ही बाजूंना ग्रॅनाइट, वर भांड्यांचे कपाट. आमचा जुना फ्रीज त्यात असा चपखल बसला की बाजूने बोट घालायला जागा राहिली नाही. येणारे-जाणारे कौतुक करीत आणि मीही ते मुकाट्याने स्वीकारीत असे.

पहिल्याच उन्हाळ्यात कौतुक उतरू लागले. सकाळचे दूध संध्याकाळी नासू लागले. बर्फाच्या साच्यात पाणी तसेच राहू लागले. फ्रीजची घरघर पूर्वी मधूनमधून थांबत असे, ती रात्रंदिवस चालू झाली. एका दुकानातून माणूस बोलावला. त्याने "गॅस कमी झालाय" असे निदान केले, गॅस भरला आणि पैसे घेऊन गेला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच निदान आणि पुन्हा तोच खर्च. आमच्या सौ. मात्र पहिल्यापासून सांगत होत्या, "त्या ग्रॅनाइटला एकदा हात लावून बघा, चुलीमागच्या भिंतीसारखं तापलंय." मी त्यांना उष्णता आणि तापमान यांतला फरक समजावून सांगितला. हात काही लावून पाहिला नाही.

तिसऱ्या वर्षी माझाच एक जुना विद्यार्थी आला. तो आता फ्रीज-एसीची दुरुस्ती करतो. त्याने गॅस तपासण्याआधी दोघांच्या मदतीने फ्रीज कोनाड्यातून बाहेर ओढला. मागच्या काळ्या जाळीवर धूळ, तेलकट वाफ आणि कापसाचे तंतू यांचा नमद्यासारखा थर बसला होता. "सर," तो जरा संकोचून म्हणाला, "गॅसचा काही संबंध नाही. ह्याला हवाच लागत नाही. दोन भिंतीच्या मधात कोंबलाय तुम्ही." आजीचे वाक्य चाळीस-पन्नास वर्षांनी असे परत आले.

एका मास्तराच्या घरगुती फजितीसाठी रविवारच्या पुरवणीची जागा अडवावी का, असे कुणीही विचारील. पण नंतर मी गावात डोळे उघडे ठेवून फिरू लागलो, आणि माझ्या लक्षात आले की ही फजिती माझ्या एकट्याची नाही. आज विजेच्या प्रश्नाची जी चर्चा होते, ती बहुतेक नव्या प्रकल्पांची असते. वीज किती निर्माण करायची, कोळशाची की सूर्याची, हे प्रश्न मोठे आहेतच. पण ३० मे २०२४ या दिवशी देशाची विजेची मागणी अडीच लाख मेगावॅटपर्यंत, म्हणजे तोवरच्या उच्चांकापर्यंत गेली, तो दिवस उन्हाळ्यातला होता हे विसरून चालणार नाही. उन्हाळ्यात वाढणाऱ्या या मागणीत पंखे, कूलर, फ्रीज आणि एसी यांचा वाटा मोठा असतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ साली केलेल्या हिशेबानुसार जगातल्या एकूण विजेपैकी सुमारे १० टक्के वीज केवळ एसी आणि पंख्यांवर खर्च होत होती. गारवा ही आता चैन राहिलेली नाही. म्हणूनच तो गारवा कोणत्या वाटेने येतो आणि त्या वाटेत किती वीज सांडते, हा घरोघरचा प्रश्न झाला आहे.

मुळात गारवा तयार करता येत नाही. उष्णता तेवढी एका जागेवरून उचलून दुसरीकडे टाकता येते. फ्रीज आपल्या पोटातली उष्णता उचलतो आणि पाठीमागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो. एसी खोलीतली उष्णता उचलतो आणि भिंतीबाहेरच्या पेटीतून रस्त्यावर टाकतो. या जाळीला किंवा पेटीतल्या नळ्यांना कंडेन्सर म्हणतात. आत कॉम्प्रेसरने दाबलेला गरम वायू फिरतो, बाहेरून हवा लागते, वायू आपली उष्णता हवेला देऊन द्रवरूप होतो आणि पुढच्या फेरीला निघतो. विजेचे बिल आपण भरतो ते या हमालीचे.

हमाली किती पडणार, हे आपल्या भागातल्या माणसाला विहिरीच्या दाखल्याने चटकन समजेल. पाणी ४० फुटांवर असेल तर लहान मोटर पुरते. तेवढेच पाणी ४०० फुटांवरच्या बोअरमधून काढायचे तर मोटर मोठी लागते आणि वीजही. उष्णतेचेही तसेच आहे. फ्रीजच्या आतली नळी शून्याखाली वीस-पंचवीस अंशांवर असते; बाहेरची जाळी भोवतालच्या हवेपेक्षा साधारण दहा-पंधरा अंशांनी गरम असते. या दोन तापमानांतले अंतर म्हणजे विहिरीची खोली. जाळीवर धूळ बसली किंवा मागची हवा कोंडली, की जाळी आणखी तापते. म्हणजेच आपण होऊन विहीर आणखी खोल करतो आणि तेवढ्याच पाण्यासाठी जास्त वीज जाळतो.

या धंद्यातला ढोबळ ठोकताळा असा आहे, की जाळीचे तापमान एक अंशाने वाढले तर तेवढ्याच थंडीला दोन ते तीन टक्के जास्त वीज लागते. कोंडलेल्या जाळीचे तापमान दहा अंशांनी चढणे मुळीच अवघड नाही. म्हणजे पाव हिस्सा वीज जास्त. रोज एक युनिट घेणारा घरचा फ्रीज धरला तर वर्षाला ९० युनिटे झाली. दुकानातला डीप फ्रीझर रोज चार युनिटे घेत असेल तर वर्षाला ३६५. त्यात आपल्या राज्यातले घरगुती बिल पायऱ्यांचे आहे. १०० युनिटांपुढे दर वाढतो, ३०० पुढे आणखी वाढतो. वाया गेलेले युनिट नेहमी आपण गाठलेल्या सर्वांत वरच्या पायरीवरचे असते, हे बिल पाहताना ध्यानात ठेवावे. शिवाय अडखळत जास्त वेळ चालणारा कॉम्प्रेसर स्वतःचीही उष्णता त्याच स्वयंपाकघरात ओततो. मग वर पंखा वाढवावा लागतो.

आता गेवराईकडे पाहू. आमचा तालुका कापसाचा. दिवाळीपासून कापसाच्या गाड्या बाजाराकडे निघतात. टेम्पोच्या फळीतून, जिनिंगच्या आवारातून कापसाचे बारीक तंतू सुटतात आणि हवेत तरंगतात. सोलापूर-धुळे महामार्गाची धूळ आहेच. भाजी मंडईच्या बाजूला पिठाच्या गिरण्या, बसस्थानकाच्या बाजूला भज्यांच्या कढया. कंडेन्सरच्या बारीक पत्र्यांना हे सगळे सारखेच प्रिय आहे. कापसाचा तंतू अडकतो, त्यावर तेलकट वाफ बसते, तिच्यावर धूळ आणि पीठ चिकटते. थंडीत यंत्राला काम कमी असते, म्हणून त्रास जाणवत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हिवाळ्यात साठलेले सगळे एकदम अंगावर येते. आपल्याकडे यंत्रे ऐन उन्हाळ्यातच बंद पडतात, आणि त्याचा दोष आपण उन्हाला देऊन मोकळे होतो.

बसस्थानकाजवळ थंड पेये आणि आइस्क्रीम विकणारी एक बाई आहे. बचत गटाच्या कर्जातून तिने डीप फ्रीझर घेतला. दुकान म्हणजे दहा बाय आठची पत्र्याची खोली. जागा कमी म्हणून बाटल्यांचे कॅरेट फ्रीझरच्या जाळीला टेकवून रचलेले. त्या जाळीतून आत हवा जायची असते, हे विकणाऱ्याने तिला सांगितले नव्हते आणि बसवणाऱ्यानेही नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात कॉम्प्रेसर जळाला. माल वितळला तो वेगळाच, पण हंगामातले जे सहा-सात आठवडे वर्षभराचे पोट भरतात, त्यांतले दोन दुरुस्तीत गेले. कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही. माझ्या फजितीत कौतुक गेले, हिच्या फजितीत वर्ष गेले. काटकसर हा शब्द आपण बहुधा सुखवस्तू माणसाला उपदेश करताना वापरतो. खरे तर तिची निकड ज्याला चुकीचा एक महिनाही परवडत नाही, त्याला जास्त असते.

हीच गोष्ट गावातल्या दूधसंकलन केंद्रांची. धारेचे दूध लवकरात लवकर ४ अंशांपर्यंत आणले पाहिजे. उशीर झाला तर त्यातले जंतू तासातासाला कैक पटींनी वाढतात. दूध थंड करणाऱ्या टाकीशेजारचे कंडेन्सर कडब्याच्या कणांनी बुजले, की टाकीला गार व्हायला जास्त वेळ लागतो, वीज गेली तर जनरेटरचे डिझेल जास्त जळते आणि शेवटी नासलेल्या दुधाची झळ दूध घालणाऱ्यांनाच बसते. लसींचे तर विचारूच नका. बहुतेक लसी २ ते ८ अंशांच्या दरम्यान ठेवाव्या लागतात. पण इथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. लसीकरणासाठी सरकारने कर्मचाऱ्यांना दिलेल्या सूचनांमध्ये लसींचा फ्रीज भिंतीपासून किमान १० सेंटीमीटर दूर ठेवावा, असे स्पष्ट लिहिलेले असते. रोज दोनदा तापमानाची नोंदही होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला जो नियम माहीत आहे, तो ग्रॅनाइट बसवणाऱ्या मास्तराला माहीत नसावा, हा आमच्या शिक्षणाचा पराभव म्हणायचा!

"मग पाण्याने का गार करीत नाही?" असा प्रश्न माझ्या एका मित्राने विचारला. प्रश्न योग्य आहे. उष्णता वाहून नेण्यात हवा फारच दुबळी आहे. एक लिटर पाणी एका अंशाला जेवढी उष्णता उचलते, तेवढी उचलायला सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते. म्हणून तर बर्फाचे मोठे कारखाने कंडेन्सरवर पाणी सोडतात, आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचा ओला पडदा लावून आधी हवा गार करून घेतली तर एसीलाही फायदा होतो. पण हा सल्ला मराठवाड्यात देताना जीभ अडखळते. आमच्या बोअरचे पाणी जड. कूलरच्या गवतावर एका हंगामात पांढरा खडू कसा साचतो, ते प्रत्येक घरात पाहिलेले आहे. तेच पाणी कंडेन्सरच्या पत्र्यांवर उडवले तर दोन वर्षांत क्षारांचा थर बसून हवेची वाट कायमची बंद व्हायची. आणि मुळात पाणी आहे कुठे? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आमच्याच जिल्ह्यातले परळीचे औष्णिक विद्युत केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून बंद ठेवावे लागले. वाफेवर चालणाऱ्या त्या केंद्रालाही आपला कंडेन्सर गार ठेवायला पाणी हवे असते. म्हणजे आम्ही इथे युनिट वाया घालवतो, तेव्हा कुठेतरी कोळशाबरोबर पाणीही वाया घालवतो. दुष्काळी भागाला हवेवरच भागवायचे आहे. मग निदान त्या हवेची वाट तरी मोकळी हवी.

यंत्र बनवणाऱ्यांनी या बाबतीत पुष्कळ काम केले आहे. तांब्याच्या नळीवर ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे बसवायचे, त्या पत्र्यांना खाचा पाडायच्या, म्हणजे हवा घुसळून निघते आणि जास्त उष्णता उचलते. पाच तारे मिळवणाऱ्या एसीची बाहेरची पेटी बहुधा आकाराने मोठी असते. कंडेन्सर जितका ऐसपैस, तितकी उष्णता कमी तापमानावर बाहेर पडते, हे त्यामागचे साधे कारण. पंख्याचेही गणित मोठे गमतीचे आहे. पंख्याचा वेग पाचव्या हिश्शाने कमी केला तर त्याला लागणारी वीज जवळपास निम्मी होते. म्हणून रात्रीच्या गारव्यात आपोआप हळू फिरणारा पंखा दिवसभर एकाच वेगाने गरगरणाऱ्या पंख्यापेक्षा शहाणा. मोटारगाड्यांतून आलेला आणखी एक प्रकार म्हणजे चपट्या ॲल्युमिनियम नळीत केसासारख्या बारीक वाटा असलेला कंडेन्सर. तो लहान जागेत जास्त काम करतो आणि त्याला वायूही कमी लागतो.

पण जे प्रयोगशाळेत उत्तम, ते महामार्गाच्या कडेला उत्तम असेलच असे नाही. पत्रे जितके दाट, तितकी नव्या यंत्राची कामगिरी चांगली आणि तितकीच धूळ लवकर अडकणार. केसासारख्या वाटांचा कंडेन्सर फुटला तर गावातल्या मिस्तरीला तो सहसा जोडता येत नाही, अख्खा बदलावा लागतो. म्हणून कापूस आणि धूळ असलेल्या गावाला थोडे विरळ पत्रे, सहज उघडणारी जाळी आणि ब्रश आत जाईल एवढी जागा असलेले यंत्र जास्त फायद्याचे. जाहिरातीत मात्र या गुणाचा उल्लेख मी अजून वाचलेला नाही.

ताऱ्यांविषयीही थोडे बोलले पाहिजे. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर मार्च २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. २००६ पासून तारांकित लेबले आली आणि २०१० पासून एसी व फ्रॉस्ट-फ्री फ्रीजला ती सक्तीची झाली. ही फार चांगली गोष्ट झाली. ग्राहक दुकानात जाऊन "तारे किती?" असे विचारू लागला. पण तारे हे नव्या, स्वच्छ, मोकळ्या जागेत ठेवलेल्या यंत्राचे असतात. एसीची क्षमता मोजताना बाहेरचे तापमान ३५ अंश धरतात. वर्षभराच्या सरासरीचा हिशेब २४ ते ४३ अंशांच्या दरम्यानचा असतो. गेवराईच्या मे महिन्यात दुपारी सावलीतच ४२ अंश असतात. मग दोन इमारतींमधल्या बोळात समोरासमोर टांगलेल्या आणि एकमेकींची गरम हवा ओढणाऱ्या पेट्यांभोवती किती असेल? फ्रीजच्या पाठीवरच्या पट्टीत 'टी' हे अक्षर दिसले तर त्याचा अर्थ तो ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेला आहे. पत्र्याच्या दुकानात दुपारी तीन वाजता ही मर्यादा सहज ओलांडली जाते. पाच ताऱ्यांचे यंत्र अशा जागी ठेवून आपण त्याचे दोन-तीन तारे स्वतःच्या हाताने खुडतो. बिल आले की कंपनीला बोल लावतो.

याचा अर्थ ताऱ्यांची योजना खोटी आहे असा नव्हे. अर्थ एवढाच, की आपली सगळी जागरूकता दुकानाच्या दारापाशी संपते. यंत्र घरात आल्यानंतरची दहा-पंधरा वर्षे कुणाच्याच खात्यात नाहीत. ती वर्षे खऱ्या अर्थाने सांभाळणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे दुरुस्ती करणारा मिस्तरी. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये भारताचा शीतकरण कृती आराखडा जाहीर केला. २०३७-३८ पर्यंत थंडाव्यासाठी लागणारी ऊर्जा २५ ते ४० टक्क्यांनी कमी करायची, आणि २०२२-२३ पर्यंत या क्षेत्रातल्या एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र द्यायचे, अशी उद्दिष्टे त्यात होती. मिस्तरीला राष्ट्रीय आराखड्यात जागा मिळाली, हे मला त्यातले सर्वांत शहाणपणाचे कलम वाटते. आयटीआयमध्ये या कामाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तरी लहान गावांतली बहुतेक मुले उस्तादाच्या हाताखाली, पाना पकडत शिकतात. ती हुशार असतात, पण धंद्याची रीतच अशी पडली आहे की गॅस भरला तर ग्राहक बिनतक्रार पैसे देतो आणि अर्धा तास खपून जाळी साफ केली तर म्हणतो, "नुसती धूळ तर झटकली, एवढे कशाचे?" गॅस दिसत नाही म्हणून त्याला मोल आहे, धूळ दिसते म्हणून तिला नाही. माझ्या घरी दोनदा विनाकारण गॅस भरला गेला. त्या माणसाला मी पुष्कळ दिवस दोष दिला. आता वाटते, खऱ्या कामाचे पैसे द्यायला मीही तयार नव्हतो.

करायचे काय? घरापुरते सांगायचे तर गोष्टी अगदी साध्या आहेत. फ्रीजच्या मागे आणि बाजूंना वीतभर, निदान चार बोटे तरी जागा सोडावी, आणि वरही हवा निघून जायला वाट ठेवावी. फ्रीज शेगडीला लागून किंवा पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नये. त्यावर शोभेचे कव्हर घालायचेच असेल तर ते बाजूंवरून लोंबू देऊ नये. नव्या अनेक फ्रीजना मागे जाळी दिसत नाही, ती बाजूच्या पत्र्याआड असते. बाजू कोमट लागतात त्या यामुळेच, तो बिघाड नव्हे. मागे उघडी जाळी असेल तर वर्षातून दोनदा, एकदा संक्रांतीनंतर कापसाचा हंगाम ओसरला की आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत, बटण बंद करून, प्लग काढून मऊ ब्रशने ती झाडावी. एसीच्या पेटीतले पत्रे उभे असतील तर ब्रशही उभाच फिरवावा. पाण्याचा जोरदार फवारा मारला तर पत्रे वाकतात आणि उपचारच रोग होऊन बसतो. पेटीवर छोटेसे छप्पर करून ऊन अडवायला हरकत नाही, त्याने थोडाफार फायदा होतो. पण छपराच्या हौसेने पेटीसमोरची हवा अडवली तर नुकसान त्याहून मोठे.

गावापुरते करण्यासारखेही बरेच आहे. इमारतीला परवानगी देताना गाडी लावायची जागा दाखवावी लागते, तशी एसीच्या पेट्यांची जागाही नकाशावर दाखवायला नगर परिषदेने का सांगू नये? वीजबिलाच्या मागच्या कोऱ्या जागेवर मार्चच्या महिन्यात जाळी साफ करण्याची चार ओळींची सूचना छापायला किती खर्च येईल? बचत गटाला फ्रीझरसाठी कर्ज देणाऱ्या बँकेने पहिल्या हप्त्याआधी 'जाळीसमोर काही ठेवू नका' एवढे तरी तिथल्या भाषेत सांगावे. दूध संघांनी टाकीच्या तपासणीत दुधाच्या तापमानाबरोबर कंडेन्सरच्या स्वच्छतेचा एक रकाना वाढवावा. आणि शाळांनी, हे मी स्वतःला उद्देशूनच म्हणतो, उष्णतेचा धडा शिकवताना मुलांना घरच्या फ्रीजमागे डोकावून यायला सांगावे. यांतल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही की परदेशी तंत्रज्ञान.

शेवटी माझ्या कोनाड्याचे काय झाले, ते सांगितले पाहिजे. विद्यार्थ्याने जाळी साफ केली, फ्रीज तासभर बाहेर ठेवून पुन्हा चालू केला आणि रात्री बऱ्याच दिवसांनी त्याची घरघर मधूनमधून थांबू लागली. मग गवंड्याला पुन्हा बोलावले. वरचे कपाट काढले, बाजूचा ग्रॅनाइट फोडला. आता फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे उभा असतो. चौकटीची शोभा गेली, दार उघडले की ओट्याकडे जायची वाट अडते आणि पाहुणे कौतुक करीत नाहीत. विद्यार्थ्याला मी त्या दिवशी त्याने मागितलेल्या पैशांपेक्षा थोडे जास्त दिले. तो घेईना. "सर, तुम्हीच तर शिकवलं होतं," असे म्हणाला. ते खरे नव्हते. मी शिकवले होते ते फळ्यावरचे. हात लावून पाहायला त्याला त्याच्या कामाने शिकवले.

स्वयंपाकघराच्या खिडकीत सौ.नी यंदा एक माठही आणून ठेवला आहे. जागा त्यांनीच निवडली. मी काही बोललो नाही. फक्त त्या जागी वारा लागतो का, ते ओला हात धरून पाहिले. लागतो.